माझी घरमालकीण, चेटकीण

लीड्सच्या मार्केटमध्ये आफ्रिकन सामानाचं एक दुकान आहे. माझ्या घरमालकीणबाई तिथे शिरल्या, की एखादी तरी बाई हातातली केळी परत ठेवून बाहेर पडायची. भांडण नाही, बोलणं नाही. केळी ठेवायची, पोराचा हात धरायचा आणि चालू लागायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, जुनं काही वैर असेल. बाईंना विचारलं. त्या भेंडी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तिच्या नवऱ्याला खाल्लंय."

"कधी?"

"ते तिलाच विचार. मी इतक्या जणांना खाल्लंय, माझ्या लक्षात नाही राहत."

बाई नायजेरियाच्या. तिकडे घराघरांत जे सिनेमे बघतात, त्यांत त्यांनी वर्षानुवर्षं कामं केली होती. काम एकच. छळणारी सासू. सिनेमा अर्ध्यावर आला की ती सासू चेटकीण निघायची, मुलाच्या बायकोचं मूल पोटातच मारायची, नवऱ्याला मंत्रानं आंधळं करायची आणि शेवटी वेडी होऊन बाजारातून फिरत मरायची. बाईंची एक नजर होती. पापणी न हलवता, डावी भुवई जराशी वर. आमच्या घराचा बॉयलर बंद पडला आणि मेकॅनिक तारखा देत राहिला, तेव्हा बाईंनी त्याला दारात उभं करून ती नजर लावली. तो याच शहरातला गोरा माणूस, त्यानं त्यांचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. पण बॉयलर त्याच दिवशी चालू झाला.

मी परभणी जिल्ह्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि इथल्या हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डवर काम करते. हे मी कुणी न विचारता सांगते. मिरवते म्हणा हवं तर. बाईंना ते पहिल्या भेटीतच आवडलं. खोली दाखवता दाखवता त्यांनी विचारलं, "घरात पहिली?" मी म्हटलं, "हो, पहिली." त्यानंतर त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ग्रॅज्युएट, चहा घेणार का?" "ग्रॅज्युएट, उद्या कचऱ्याचा हिरवा बिन बाहेर ठेवायचाय." मी त्यांना 'मा' म्हणायचे. मोठ्या बाईला नावानं हाक मारणं त्यांच्याकडेही उद्धटपणाचं.

बाई एका केअर होममध्ये कामाला होत्या. तिथल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचा त्यांच्यावर फार जीव. एक आजी तर बाईंनी भरवलं तरच जेवायची. "का माहितीये?" बाई म्हणायच्या. "तिनं मला बघितलेलं नाही."

रविवारी चर्चहून आल्या की डोक्याचा फेटा सोडून सोफ्यावर टाकायच्या, रिमोट हातात घ्यायच्या आणि सिनेमा लावायच्या. बघायच्या म्हणजे काय, सासूनं सुनेचं स्वयंपाकघर बघावं तसं. एक गाडी फाटकापाशी येते. हॉर्न वाजतो. वॉचमन चपला शोधतो. फाटकाचं एक दार उघडतं, मग दुसरं. गाडी आत येते, वळते, मागे घेते, थांबते. नायिका उतरते, पर्स विसरते, परत वाकते. इथे बाई पॉज दाबायच्या.

"आतापर्यंत काय कळलं, ग्रॅज्युएट?"

"तिच्याकडे गाडी आहे."

"बरोबर. एवढ्यासाठी मी म्हातारी झाले."

आवाजाचा तर त्यांना मनस्वी राग. संवादांच्या खाली जनरेटर घरघरत असायचा, त्यामुळे प्रेमाची कबुली द्यायलासुद्धा नायिकेला ओरडावं लागे. बंगला तोच, सोफा तोच. कधी तो मंत्र्याचा, कधी विधवेचा. मागचं गाणं पुढची सगळी गोष्ट आधीच सांगून टाकायचं. झोपेतून उठलेल्या बाईच्या ओठांवर लिपस्टिक ताजी. आणि शेवट जवळ आला की सगळ्यांना एकदम पश्चात्ताप. आयुष्यभर दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा एका प्रार्थनेत सरळ. "ज्याला पश्चात्ताप झाला नाही त्याला वेड," बाई म्हणायच्या. "आमच्या लेखकांना तिसरा रस्ता माहीतच नाही."

हे सगळं त्यांनी म्हणायचं. मी म्हणायचं नाही. एकदा मी तेच बोलले. म्हटलं, "मा, नुसती आरडाओरड आहे हो. गोष्ट कुठाय?" बाईंनी रिमोट खाली ठेवला. ती नजर मला पहिल्यांदा आणि शेवटचीच लागली.

"तुमच्या देशात मोठे सिनेमे निघतात ना? त्यांत तुझ्या आईसारखी बाई किती वेळा बघितलीस?"

मी आठवून बघितलं. बघितली होती. विहिरीवर मार खाताना, नाहीतर रडत मरताना.

"आमच्याकडे सगळ्यांची आई आहे," बाई म्हणाल्या. "वाईट काढली असेल. ऐकू नीट येत नसेल. पण कुणाच्या परवानगीसाठी थांबलो नाही आम्ही. सकाळी स्क्रिप्ट हातात, दुपारी दिवे गेले की खिडकीत उभं राहून सीन. सुनेनं मीठ जास्त घातलं, त्यावरनं झालेलं भांडण आम्ही राजांच्या लढाईसारखं दाखवलं. ज्या घरात असतात ना, त्यांना विचार ते भांडण छोटं असतं का. स्क्रीनवरचं खरं नसतं, ग्रॅज्युएट. पण झालेलं असतं."

मग त्यांचा राग गेला आणि कारागीर जागा झाला. चेटकीण कशी पकडली जाते, ते त्यांनी मला करून दाखवलं. पास्टर पाण्यावर प्रार्थना करतो. ते पाणी तिला पाजतात. "पूर्वी पाणी ओठाला लागलं की सगळ्या धाडकन पडायच्या. मी डायरेक्टरला म्हटलं, थांब. आधी घशात काहीतरी अडकू दे. बारीकसा खोकला येऊ दे. मग मोठा. मग कबुली. लोकांना घाबरायला वेळ नको?" त्या खोकल्या. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. "नंतर सगळ्याच तशा खोकायला लागल्या. पण सुरुवात माझी."

बाईंना एकच मुलगा. मँचेस्टरला इंजिनिअर. त्याचं लग्न ठरत आलं होतं, मुलगीही त्यांच्यातलीच, आईवडील लंडनजवळ स्टॅनमोरला. मुलीच्या आईला मुलगा पसंत होता. नोकरी पसंत, उंची पसंत, चर्च पसंत. मग तिनं मुलाच्या आईचा फोटो मागितला. फोटो पाहिला आणि त्यानंतर तिनं मुलाचा फोन घेणं बंद केलं.

विहीणबाई अडाणी नव्हती, हे मुद्दाम सांगते. शाळेत गणित शिकवायची. मुलीनं तिला विचारलं, "मम्मी, तो अभिनय होता हे तुला कळत नाही का?" तर म्हणाली, "कळतं. पण असा अभिनय येतो कुठून?"

बाईंना हे मुलानं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. पण त्या रविवारी सिनेमा लागला नाही. पुढच्याही नाही. मुलगी अडून बसली, काही महिने गेले आणि शेवटी स्टॅनमोरहून निरोप आला, की दोन्ही घरांची रीतसर भेट करू, मग काय ते सांगू. त्या भेटीत नकार आला असता, तर मुलगी आईच्या मनाविरुद्ध जाणार नव्हती. तसं तिनं मुलाला स्पष्ट सांगितलं होतं.

मुलाकडून माणसं हवीत. बाईंचे नातेवाईक सगळे तिकडे नायजेरियात, लेगोसला. मग मुलाची बहीण म्हणून मी. त्यांच्याकडे एका घरातले सगळे एकाच कापडाचे कपडे शिवतात. बाईंनी माझ्यासाठी स्वतःच्याच निळ्या कापडाचं सगळं शिवून घेतलं आणि माझ्या डोक्यावर फेटा बांधला. तो इतका घट्ट, की माझ्याच भुवया वर गेल्या. "आता तूही चेटकीण दिसतेस," म्हणाल्या. मुलाचा फोन आला. "मम्मी, तिथे जास्त हसू नकोस. तुझं हसणं सगळ्यांना पाठ आहे."

गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर बाईंनी पहाटे उठून केलेल्या लाल मसालेभाताची दोन मोठी पातेली, सीटबेल्ट लावून. बाईंना पंधरवडाभर छातीचा त्रास होता. ताप गेलेला, पण घसा असा नाजूक, की थंड हवा लागली तरी ढास लागायची. मी त्यांना सांगितलं होतं, थंड पाणी अजिबात नाही, कोमट, तेही घोट घोट. संपूर्ण एम वन हायवे त्या थर्मास मांडीवर धरून बसल्या. एरवी सारखं बोलणारी बाई. शेफिल्ड गेलं, लेस्टर गेलं, तरी शब्द नाही. वॉटफर्डच्या आसपास एवढंच म्हणाल्या, "मी काय बोलू नये, ते सांग."

"तुम्हाला वाटेल ते बोला, मा."

"हा सल्ला नाही," बाई म्हणाल्या.

घर मोठं, कार्पेट पांढरं. मुलगा आमच्या आधी पोचला होता. त्यानं त्यांच्या रीतीप्रमाणे सगळ्या मोठ्यांपुढे पालथं पडून नमस्कार घातला. सगळे हसले, कौतुक झालं. मग आम्ही आत गेलो आणि हसणं थांबलं. कुणी उद्धट वागलं नाही. खुर्च्या दिल्या, खुशाली विचारली. पण बाई ज्या सोफ्यावर बसल्या त्यावर दुसरं कुणी बसेना, म्हणून मी बसले. एक छोटी मुलगी बाईंकडे टक लावून बघत होती. तिला कुणीतरी वर नेलं.

भाताची पातेली मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. टेबलावर त्यांचं जेवण मांडलं होतं. आमच्या पातेल्यांवरची झाकणं तशीच. मी मुद्दाम दोनदा आत जाऊन आले. तशीच. हे मला नवीन नव्हतं. लहानपणी आमच्या घरून गेलेला डबा न उघडता परत आलेला मी पाहिलाय. डबा परत देणारी माणसंही उद्धट नव्हती. फार गोड बोलायची.

मग मुलीचा मामा उठला. तो पास्टर. उंच, आवाज मऊ. म्हणाला, शुभ कामाआधी प्रार्थना करू. त्यानं हात केला, तशी विहीणबाई फ्रिजमधून काचेचा जग घेऊन आली. जगाला बाहेरून दव आलेलं. मामानं त्यावर हात धरून प्रार्थना केली, लांबलचक. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे होते, त्यामुळे मला दिसलं की टेबलावर ग्लास एकच आहे.

मामानं तो भरला आणि बाईंपुढे धरला. "आधी मुलाची आई."

मुलगा अर्धा उठला. मुलीनं त्याचा हात धरला. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "आधी म्हणजे, नंतर सगळे पिणार ना?"

मामा मऊ आवाजात म्हणाला, "सगळ्यांना गरज नसते, माय सिस्टर."

मी उठणार तोच बाईंनी माझ्या कोपरावर हात ठेवला. हात गार होता. त्यांनी तो ग्लास बघितला आणि मी त्यांना बघितलं. त्या खोलीतल्या प्रत्येकानं हा सीन पाहिलेला होता, आणि तो बाईंनीच बसवलेला होता. पाणी नाकारलं, तर घाबरली. प्याली आणि खोकली, तर कबूल. आणि मला, छातीच्या वॉर्डवर रोज माणसांचे श्वास मोजणारीला, माहीत होतं की त्या घशातून बर्फासारखं पाणी गेलं की खोकला येणार. येणारच.

बाईंनी ग्लास घेतला. सगळा प्याल्या. घोट घोट नाही, थांबत थांबत नाही, एका दमात. ग्लास मामाच्या हातात दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या.

ग्लासकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होते. मी पण. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे वर आले. नाकपुड्या फुलल्या. त्यांनी एकदा आवंढा गिळला, मग पुन्हा. छाती आतून उसळली, तेवढीच, कापडाची घडी हलली इतकीच. ओठ मिटलेले. खोकला असा धरून ठेवता येत नाही, हे मी पेशंटना शिकवते. डोळे भरले. मग पाणी गालांवरून वाहायला लागलं, आवाज नाही, नुसतं पाणी.

मामानं डोळे मिटले आणि म्हणाला, "हालेलुया."

खोलीभर तोच शब्द फिरला. कुणीतरी रडायला लागलं. विहीणबाई उठून आली आणि बाईंसमोर उभी राहिली. मला वाटलं आता काही बोलेल. तिनं आपल्या खांद्यावरच्या वस्त्रानं बाईंचे गाल पुसले. मग आत गेली आणि थोड्या वेळानं आमच्या पातेल्यातला भात ताटात घेऊन आली. सगळ्यांदेखत पहिला घास तिनं खाल्ला. चावून, नीट.

लग्न ठरलं.

मुलगा तिथेच थांबला. परतीला गाडीत बसून दार लावलं आणि बाई खोकायला लागल्या. असा खोकला मी वॉर्डवरही क्वचित ऐकलाय. हायवेवरच्या पहिल्याच थांब्याला, सर्व्हिसेसला, गाडी घेतली, त्यांना पुढे वाकवून बसवलं, पाठ चोळली, थर्मासमधलं कोमट पाणी दिलं. श्वास जागेवर आला तसा माझा राग वर आला.

"का प्यालात, मा?"

"तहान लागली होती."

"थट्टा नको. त्यांना काय वाटलं, कळलं ना तुम्हाला? त्यांना वाटलं तुमच्यातली चेटकीण निघून गेली. म्हणजे होती. तुम्ही कबूल केलंत."

"मी एक शब्द बोलले का?"

"रडलात."

"खोकला दाबला की डोळ्यांतून पाणी येतं. तुझ्या पुस्तकात नाही?"

मी म्हटलं, मी तुमच्या जागी असते तर तो ग्लास त्या मामासमोर पांढऱ्या कार्पेटवर ओतला असता. आणि खरंच ओतला असता. माझ्या लोकांनी पाण्यासाठी तळ्यावर जाऊन मार खाल्लाय. पाणी पिणं ही आमच्याकडे मान ताठ ठेवून करायची गोष्ट आहे. कुणी तपासायला दिलेलं पाणी मी पिणार नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं, पार्किंगमध्ये, फेटा काढून हातात धरून.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ओतला असतास. शोभलं असतं तुला. पण तुझा मुलगा तिथे बसला नव्हता."

मी हातातला फेटा मागच्या सीटवर ठेवला.

"मी लेखकांना दर वेळी सांगायचे," त्या म्हणाल्या, "तिला शेवटी मारू नका रे. जगू दे. एकदा तरी लग्नाला बोलवा तिला, बसू दे कोपऱ्यात, जेवू दे. ते म्हणायचे, मा, ऑडियन्स ऐकणार नाही. प्रत्येक सिनेमात मेले मी. एकदा तर कुत्र्यानं खाल्लं." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "आज ऐकलं ऑडियन्सनं. चल, गाडी काढ."

मला तेव्हा ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. लग्न थाटात झालं. बाई पुढच्या ओळीत बसल्या, जेवल्या, नाचल्यासुद्धा. विहीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची ओळख करून द्यायची, ती अशी, "या पूर्वी सिनेमात होत्या, देवानं सोडवलं." बाई मान हलवायच्या. इतका वाईट संवाद त्यांनी दुसऱ्या कुणाचा चालवून घेतला नसता.

पुढे मी हॉस्पिटलजवळ स्वतःचा फ्लॅट घेतला. बाईंचा फोन येत असतो. मुलाला मुलगी झाली. बाळंतपणाला मुलीची आई येऊन राहते, ही रीत त्यांचीही आपल्यासारखीच. त्यामुळे विहीणबाई मँचेस्टरला मुक्कामाला, आणि बाई सुट्टीच्या दिवशी ट्रेननं जाऊन येऊन. बाळ बाईंच्या मांडीवर देतात. पण विहीणबाई खोलीतून हलत नाही. समोर बसते, वह्या तपासते, मटार सोलते. कधी काही बोलत नाही. बाई गाणं म्हणतात, तर प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट, जनरेटर नसल्यासारखा, म्हणजे मंत्र वाटायला नको. एकदा मी विचारलं, "मा, हे असंच चालणार का?" तर म्हणाल्या, "तिचीही नात आहे, ग्रॅज्युएट."

परवा दुपारी मी वॉर्डवरून निघत होते तेव्हा फोन वाजला. बाई ट्रेनमध्ये होत्या, मागे स्टेशनची नावं ऐकू येत होती.

"आज ती आंघोळीला गेली," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"विहीण. बाळ माझ्याकडे होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला म्हणाली, मी आलेच. आणि बाथरूमचं दार लावून घेतलं."

मी जिन्यातच थांबले. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बसले. पाय बधिर झाला तरी हलले नाही."

"लगेच आली बाहेर?"

ट्रेन कुठल्या तरी बोगद्यात शिरली असावी, आवाज गेला आणि परत आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिनं केस धुतले."